स्नायू किती दिवस वाट बघतो?

पत्राचा गोषवारा : माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. साडेचार महिन्यांपूर्वी मोटरसायकल घसरून तो उजव्या खांद्यावर आपटला. डोकं वाचलं, हाडही मोडलं नाही, पण त्या दिवसापासून उजवा हात खांद्यातून उचलत नाही आणि कोपर वाकत नाही. बोटं हलतात, मूठ वळते. एमआरआय, ईएमजी आणि एनसीव्ही (स्नायू आणि नसांच्या विजेच्या तपासण्या) सगळं झालं. मानेतून हाताकडे येणाऱ्या नसांपैकी वरच्या दोन तुटल्या आहेत, असं सर्जन म्हणतात. त्याच हातातल्या चांगल्या नसेचा एक भाग काढून बंद पडलेल्या नसेला जोडायचा आणि हे सहा महिन्यांच्या आत करायचं, असा त्यांचा आग्रह आहे. 'जे थोडंफार चालतंय तेही जाईल' म्हणून आई घाबरली आहे. दरम्यान एका केंद्रात आम्हाला सांगितलं की भावाच्याच कमरेच्या हाडातून मूलपेशी (स्टेम सेल) काढून वर्षभरात सहा वेळा इंजेक्शनं देऊ, नसा नव्याने उगवतील, पेशी स्वतःच्याच असल्यामुळे धोका नाही आणि ऑपरेशन काय, नंतर केव्हाही करता येतं. बरे झालेल्या पेशंटचे व्हिडिओही दाखवले. आईचं जवळपास ठरलं आहे. भाऊ म्हणतो, 'तुम्ही ठरवाल ते.' मला विचारायचं आहे ते एवढंच : आधी स्टेम सेल करून बघू, नाही जमलं तर ऑपरेशन, यात चूक काय? – एक बहीण

प्रिय ताई,

'आधी हे करून बघू, नाही जमलं तर ते' हे वाक्य मी कितीतरी घरांतून ऐकलं आहे. एरवी ते शहाणपणाचंच असतं. आधी सौम्य उपाय, मग कडक. पाठदुखी, गुडघेदुखी घेऊन कुणी आलं तर मीही तेच सांगते. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : दुसरा उपाय आपल्यासाठी थांबून राहील. तुमच्या भावाचं ऑपरेशन थांबणार नाही. वर्षभराने हेच ऑपरेशन याच सर्जनच्या हातून करून घेतलं, तरी त्याचा फायदा फार थोडा उरलेला असेल. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. सर्जनना याच आठवड्यात भेटा आणि स्टेम सेलपायी ऑपरेशन पुढे ढकलू नका. असं का म्हणते ते आता सविस्तर सांगते, कारण आईची समजूत तुम्हालाच घालायची आहे आणि 'डॉक्टर म्हणाल्या' एवढ्यावर घरात कुणाचं समाधान होत नाही.

मराठीत 'नस' हा शब्द आपण कशालाही लावतो. रक्त काढताना सापडत नाही ती नस, मानेत दबते ती नस, पोटरीत चढते तीही नसच. त्यामुळे नस तुटली म्हटलं की डोळ्यांसमोर एखादी दोरी येते. टोकं बांधली, मधल्या जागेत काहीतरी भरलं की झालं काम! तुमच्या भावाची तुटलेली नस म्हणजे मज्जातंतूंची जुडी आहे. एकेका जुडीत हजारो तंतू असतात आणि त्यातला प्रत्येक तंतू ही एकाच पेशीची लांबच लांब शेपटी असते. हालचालीचा हुकूम नेणाऱ्या तंतूंचं मूळ, म्हणजे पेशीचं धड, पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूत बसलेलं असतं आणि शेपटी पार दंडापर्यंत, बोटांपर्यंत गेलेली असते. अपघातात तुटते ती शेपटी. तुटल्या जागेच्या पलीकडचा तुकडा पुढच्या काही दिवसांत झिजून जातो. १८५० मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे पाहिलं होतं आणि त्या प्रक्रियेला आजही त्यांचंच नाव आहे.

पण पलीकडे सगळंच संपत नाही. तंतूंभोवती ज्या आधारपेशी असतात, ज्यांना थिओडोर श्वान या शास्त्रज्ञाचं नाव मिळालं आहे, त्या मागे राहतात. त्या रांगेने उभ्या राहून रिकाम्या वाटेची पन्हळ करून ठेवतात. मग अलीकडच्या टोकातून नवी शेपटी फुटते आणि त्या पन्हळीतून पुढे सरकू लागते. म्हणजे तुम्हाला ज्या गोष्टीचं आश्वासन मिळालं आहे, 'नसा पुन्हा उगवतील', ती हाताच्या नसांच्या बाबतीत शरीर आपणहून करतंच. त्याला दोनच गोष्टी लागतात. वाट सापडायला हवी आणि पोचेपर्यंत पलीकडे कुणीतरी वाट बघत असायला हवं.

वाटेचं काम सर्जन करतात. टोकांमध्ये अंतर पडलेलं असेल तर फुटणारे तंतू भरकटतात आणि जागच्या जागी त्यांची गाठ होते. ती हात लावला तरी कळवळायला लावते. नस मज्जारज्जूतून मुळासकट उपटली गेली असेल तर मागे पन्हळ असून उपयोग नाही, त्यात शिरायला तंतूच नाही. तुमच्या भावाचं यातलं नेमकं काय झालंय, हा सर्जनना विचारायचा पहिला प्रश्न. एमआरआयमध्ये त्याचा बराचसा अंदाज येतो. साध्या तपासणीतही येतो. गळपट्टीच्या हाडाच्या वर बोटाने हलकेच टिचकी मारतात आणि विचारतात, कुठे काही कळतंय का? 'अंगठ्यात मुंग्या आल्या' असं पेशंटने सांगितलं की निदान एखादं मूळ अजून मज्जारज्जूला धरून आहे, अशी आशा धरता येते. पुढे तंतू वाढू लागले की ती मुंग्यांची जागा महिन्यामहिन्याने हातावर खाली सरकते. मला ही तपासणी फार आवडते. नुसत्या बोटाने नस कुठवर पोचली ते कळतं.

आता वाट बघण्याचं गणित. हे आईला कागदावर मांडून दाखवा.

नवा तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. मानेच्या मुळापासून दंडाच्या स्नायूपर्यंतचं अंतर सुमारे २५ सेंटिमीटर धरा. झाले २५० दिवस, म्हणजे आठ महिन्यांहून थोडं जास्त. इकडे स्नायूला हुकूम मिळणं थांबलं की तो दिवसेंदिवस सुकत जातो आणि तंतू जिथे येऊन चिकटतो ती जोडणीची जागा हळूहळू नाहीशी होते. साधारण १२ ते १८ महिने उलटले की तंतू दारात येऊन उभा राहिला तरी आत घेणारं फारसं कुणी उरत नाही. तुमच्या भावाचे त्यातले साडेचार महिने गेले. केंद्राच्या हिशेबाप्रमाणे वर्षभर इंजेक्शनं घेतली की होतात साडेसोळा. त्यानंतर 'नाही जमलं, आता ऑपरेशन' म्हणून तुम्ही गेलात, तर नसेचं ऑपरेशन करायला बहुतेक सर्जन नकार देतील आणि त्यांचं चुकणार नाही. तेव्हा मांडीचा स्नायू काढून हातात बसवणं किंवा दुसरीकडचे स्नायूबंध वळवणं, असे अधिक अवघड आणि मर्यादित मार्ग उरतात. 'ऑपरेशन केव्हाही करता येतं' हे तुम्हाला सांगितलेलं वाक्य मला त्या इंजेक्शनांपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं.

सर्जन सुचवत आहेत त्या पद्धतीचा जन्मच या गणितातून झाला. आठ महिन्यांची वाट तुडवण्यापेक्षा स्नायूच्या अगदी जवळच चालू तंतू आणून जोडला तर? फ्रान्समधले सर्जन क्रिस्टोफ ओबर्लिन यांनी १९९४ मध्ये मांडलेली पद्धत हीच. दंडातून करंगळीच्या बाजूला जी नस खाली जाते, तिच्यात तंतूंच्या अनेक छोट्या जुड्या असतात. सर्जन बारीकशा विजेच्या झटक्याने एकेक जुडी तपासतात. मनगट वाकवणारी एखादी जुडी निवडतात, कारण ते काम करणारे आणखी स्नायू असतात. तेवढीच जुडी कापून, शेजारीच असलेल्या कोपर वाकवणाऱ्या नसेला जोडतात. अंतर काही सेंटिमीटरचं, त्यामुळे पहिली हालचाल दिसायला बऱ्याचदा तीन-चार महिने पुरतात. हाताची पकड सहसा टिकते. करंगळीच्या बाजूला काही दिवस मुंग्या किंवा बधिरपणा जाणवू शकतो. आईची भीती मला कळते, तुटक्या हातातलं जे शाबूत आहे त्यालाच कात्री लावायची म्हटल्यावर कुणाचंही धाबं दणाणेल. पण तिला सांगा, अख्खी नस काढत नाहीत. त्यातला एक धागा घेतात, तोही तपासून. खांद्यासाठी अशाच आणखी जोडण्या करतात. कोपराच्या मानाने खांद्याचा निकाल कमी भरवशाचा असतो, आणि हात पूर्वीसारखा होईल असं कुणी सांगितलं तर तेही मानू नका.

मी पुनर्वसन विभागात बरीच वर्षं काम केलं. असं ऑपरेशन झालेला एक मुलगा चौथ्या महिन्यात तपासणीला आला होता. 'कोपर वाकव' म्हटलं की काहीच होईना. मग म्हटलं, 'मूठ आवळ आणि मनगट आत वळव.' त्याने वळवलं आणि दंडावर कातडीखाली एक बारीकशी लाट उठून गेली. त्याने चमकून माझ्याकडे बघितलं, परत मूठ आवळली, परत लाट. नस अजून जुन्याच मालकाचं ऐकत होती, मनगटाचा हुकूम आला की कोपर हलत होतं. पुढचे कित्येक महिने मूठ आवळत आवळतच त्याने कोपर वाकवायचा सराव केला आणि हळूहळू मेंदूने नवी ओळख करून घेतली. मग मूठ उघडी ठेवूनही कोपर वाकू लागलं. हे सगळं सांगायचं कारण म्हणजे ऑपरेशन हे अर्धं काम आहे. उरलेलं अर्धं तुमच्या भावाला रोज, कंटाळा आला तरी, करायचं आहे. त्याची तयारी आहे का हे त्यालाच विचारायला हवं. त्याच्याकडे मी शेवटी येते.

आता मूलपेशी. त्यांच्याबद्दल मला राग नाही, उलट फार जिव्हाळा आहे. शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी ज्यांच्यापासून तयार होऊ शकतात त्या मूलपेशी. रक्ताच्या कर्करोगात अस्थिमज्जा बदलतात तो मूलपेशींचाच उपचार आहे, आणि १९५० च्या दशकात सुरू झालेल्या त्या कामासाठी डोनाल थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं. भाजलेल्या कातडीसाठी, डोळ्याच्या बुबुळावरच्या पडद्यासाठीही पेशी वाढवून लावतात. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशींना चार जनुकांच्या मदतीने पुन्हा मूलपेशीच्या अवस्थेत नेलं, २००७ मध्ये माणसाच्या पेशींबाबतही ते साधलं आणि २०१२ मध्ये त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल मिळालं. तेव्हा हे सगळं थोतांड आहे, असं मी म्हणणार नाही.

पण रक्ताच्या मूलपेशी रक्त तयार करतात, ते त्यांचं जन्मजात काम आहे. कमरेच्या हाडातल्या मगजातून इंजेक्शनसाठी ज्या पेशी काढतात त्यांच्यापैकी खऱ्या उपयोगी मूलपेशी दहा हजारांत एक किंवा त्याहूनही विरळ असतात, आणि हाड, कूर्चा, चरबी या त्यांच्या वाटा. मज्जातंतूचं कूळच वेगळं. प्रयोगशाळेत त्यांना आधारपेशींसारखं वागायला शिकवता येतं, उंदरांच्या पायातल्या नसेत १ सेंटिमीटरच्या आसपास अंतर पाडून, नळीत या पेशी भरून जोडलं तर तंतूंची वाढ सुधारल्याचंही अनेक प्रयोगांत दिसलं आहे. तिथेही त्या स्वतः नस बनत नाहीत. वाढीला पोषक रसायनं सोडतात, सूज आवरतात आणि बऱ्याचशा काही आठवड्यांत मरून जातात. शिरेतून टोचल्या तर बहुसंख्य फुप्फुसातच अडकतात. उंदराचा १ सेंटिमीटर आणि तुमच्या भावाचे २५ यात केवढा फरक आहे बघा. शिवाय उपटलेलं मूळ परत मज्जारज्जूत रोवणं इंजेक्शनाला कसं जमेल? माणसांवरचे प्रयोग अजून छोटे, सुरुवातीचे आहेत. हाताच्या तुटलेल्या नसेवरचा सिद्ध उपचार म्हणून यातलं काहीही अजून रुजू झालेलं नाही.

'सगळीकडे बातम्या येतात त्या मग कशाच्या?' असं आई विचारेल. बहुतेक बातम्या मज्जारज्जूच्या इजेच्या असतात, आणि तो प्रांत निराळा. हाताच्या नसेत वाट मोकळी करणाऱ्या आधारपेशी असतात. मेंदू आणि मज्जारज्जूत उलट वाढ रोखून धरणारी रसायनं आणि व्रण आड येतात. तंतूंच्या अंगात वाढीची धमक तिथेही असते. १९८१ मध्ये आल्बर्ट आग्वायो यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या मज्जारज्जूला पायाच्या नसेचा तुकडा पुलासारखा जोडला, तेव्हा एरवी न वाढणारे तंतू त्यातून कित्येक मिलिमीटर वाढत गेले. या एका प्रयोगाने पुढच्या पिढ्यांना कामाला लावलं. २०१० मध्ये अमेरिकेत भ्रूणमूलपेशींपासून केलेल्या पेशी पहिल्यांदा मज्जारज्जूच्या पेशंटना दिल्या गेल्या. जपानमध्ये केओ विद्यापीठातल्या हिदेयुकी ओकानो, मासाया नाकामुरा यांच्या गटाने यामानाकांच्या पद्धतीने तयार केलेल्या पेशी, प्रत्येकाला सुमारे २० लाख, इजेनंतर दोन ते चार आठवड्यांत मज्जारज्जूत सोडल्या. असे पेशंट किती? चार. २०२५ च्या मार्चमध्ये त्यांनी निष्कर्ष सांगितले : चौघांपैकी दोघांमध्ये सुधारणा, त्यातल्या एकाला आधाराशिवाय उभं राहता आलं, दोघांत फारसा फरक नाही, गंभीर दुष्परिणाम कुणालाच नाही. बातमी आनंदाचीच आहे. पण इजेनंतर काही आठवड्यांत काही सुधारणा आपोआपही होते, म्हणून त्या गटाने स्वतःच मोठ्या चाचण्यांची गरज बोलून दाखवली. जगातले हे अग्रगण्य लोक चार पेशंटनंतर एवढं जपून बोलतात. तुम्हाला मात्र पहिल्याच भेटीत नसा उगवण्याची खात्री मिळाली. माझ्या मनात पाल चुकचुकते ती इथे.

व्हिडिओंचं म्हणाल, तर ते खोटे असतील असं मी म्हणत नाही. त्यातला माणूस खरंच बरा झाला असेल. १९४३ मध्ये हर्बर्ट सेडन यांनी नसेच्या इजांचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात नस नुसती बधिर होते, ती काही आठवड्यांत ते तीनेक महिन्यांत आपोआप जागी होते. दुसऱ्यात आतले तंतू तुटतात, पण वरचं आवरण शाबूत असतं, तिथेही महिन्यांच्या हिशेबाने सुधारणा होते. तिसऱ्यात सगळंच तुटतं. पहिल्या दोन प्रकारांतल्या माणसाला तिसऱ्या महिन्यात इंजेक्शन दिलं आणि पाचव्या महिन्यात हात हलला, तर श्रेय कुणाला मिळेल? त्याने व्हिडिओत हात जोडून जे सांगितलं ते मनापासूनचंच असेल. म्हणून तर खऱ्या अभ्यासात इंजेक्शन न दिलेल्या, तशाच इजेच्या पेशंटचा गट शेजारी ठेवतात. तुमच्या भावाचा चार महिन्यांनंतरचा ईएमजी पुन्हा जिवंत होण्याची काहीच खूण दाखवत नसेल, तर तो त्या व्हिडिओतल्या माणसांच्या रांगेतला नाही.

'स्वतःच्याच पेशी, मग धोका कसला?' हा प्रश्न इतका पटण्यासारखा आहे की शिकलेली माणसंही त्याला भुलतात. पेशी आपली असली तरी ती नको तिथे नेऊन सोडली तर तिथेही ती आपलंच काम करत बसते. कमरेखाली लुळी पडलेल्या एका तरुणीच्या मज्जारज्जूत तिच्याच नाकातल्या अस्तराच्या पेशी बसवल्या होत्या. आठ वर्षांनी पाठ दुखू लागली म्हणून तपासलं तर तिथे गाठ वाढली होती आणि त्या गाठीत नाकातल्यासारखा चिकट द्रव साठला होता. २०१४ मध्ये ही केस वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. अर्धांगवायूनंतर अशा उपचारांसाठी देशोदेशी फिरलेल्या एका गृहस्थांच्या कण्यात दुसऱ्याच कुणाच्या पेशींची गाठ वाढल्याचं २०१६ मध्ये नोंदलं गेलं. २०१७ मध्ये तिघींची केस आली, स्वतःच्याच चरबीतून काढलेल्या पेशी डोळ्यांत टोचून घेतल्यावर त्यांची दृष्टी गेली. हाताच्या नसेभोवतीच्या इंजेक्शनाने असंच होईल असा याचा अर्थ नाही. जंतुसंसर्ग, नसेत सुई लागून वाढलेली वेदना, जागेवर होणारा व्रण हे जवळचे धोके. पण 'धोका नाही' असं सांगणाऱ्याने एवढंही सांगितलेलं नाही, याची नोंद घ्या.

तरीही कुणाला स्टेम सेलच्या वाटेने जायचंच असेल, तर चाचणीत, म्हणजे रीतसर चाललेल्या क्लिनिकल ट्रायलमध्ये जावं. खरी चाचणी सार्वजनिक नोंदणीत क्रमांकासकट सापडते. नैतिक समितीची परवानगी असते, देशाच्या औषध नियामकाची असते, आणि प्रायोगिक उपचाराचे पैसे सहसा पेशंटकडून घेत नाहीत. संमतीपत्रात 'फायदा होईलच असं नाही' हे वाक्य असतं. ते वाचून लोक नाराज होतात, मला मात्र त्या वाक्याने विश्वास वाटतो. केंद्रात परत जाल तेव्हा विचारा : नेमक्या कुठल्या पेशी, किती, आणि कुठे टोचणार? नसेचं मूळ उपटलेलं असेल तर त्या काय करणार? तुमचे किती पेशंट बरे झाले नाहीत? गुंतागुंत झाली तर कोण बघणार? तुमचे निष्कर्ष छापून आलेत का? उत्तरं लेखी मागा. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. आधी कुठेतरी पेशी टोचून घेतलेल्यांना पुष्कळ चाचण्या आत घेत नाहीत, कारण मग फरक कशामुळे पडला ते कळत नाही. उद्या खरोखरच काही चांगलं निघालं, तर आज टोचून घेतलेलं इंजेक्शन तुमच्या भावाच्या आड येऊ शकतं.

'ऑपरेशन करू आणि वर इंजेक्शनंही घेऊ' असा मध्यममार्ग घरात निघेल, तो निघतोच. नुकत्याच जोडलेल्या नसेच्या आसपास कुणी सुई घालावी हे मला अजिबात मान्य नाही. निदान सर्जनपासून काही लपवू नका.

तारीख मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. खांदा, कोपर, मनगट, बोटं यांचे सांधे दुसऱ्या हाताने किंवा तुमच्या मदतीने रोज पूर्ण फिरवायला हवेत. सांधा आखडला तर उद्या नस जागी झाली तरी वाकायला जागा राहणार नाही. हात लोंबकळता ठेवू नका, खांदा निखळतो. झोळीत घ्या, पण दिवसभर झोळीतही नको. ज्या भागाला स्पर्श कळत नाही तिथे चटका बसलेलाही कळत नाही, तेव्हा गरम पाणी, इस्त्री, गाडीचा सायलेन्सर यांच्याजवळ जपून. विडी-सिगारेट असेल तर आजच बंद. आणि त्याला वेदना होतात का? तुमच्या पत्रात त्याबद्दल एक शब्दही नाही. अशा इजेत हातात विजेचा लोळ गेल्यासारख्या, जळजळत्या कळा येतात, रात्रीची झोप उडते. साध्या वेदनाशामकाने त्या थांबत नाहीत. प्रेगाबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधं असतात, ती डॉक्टर ठरवून देतात. घरच्यांना त्रास नको म्हणून पोरं हे गिळून टाकतात.

हे वाचणाऱ्यांत काहींच्या घरी वेगळा प्रश्न असेल. मधुमेहाने पायांच्या नसा झिजल्या असतील तर तिथे तुटलेलं काही नाही, विषारी वातावरणात तंतू टोकाकडून सुकत येतात. साखर आटोक्यात ठेवणं, बी-१२ तपासून घेणं आणि रोज रात्री तळपाय उलटा करून बघणं यांची जागा कुठलंच इंजेक्शन घेत नाही. आणि जन्मतः मेंदूला इजा झालेल्या बाळांच्या आईवडिलांनो, तुमच्या पत्रांना वेगळं उत्तर देईन. आत्ता एकच : मूल लहान असताना थेरपीचे जे तास मिळतात, ते केंद्रांच्या फेऱ्यांत घालवू नका.

आता तुमचा भाऊ. 'तुम्ही ठरवाल ते' हे त्याचं वाक्य तुम्ही त्याचा विश्वास समजून लिहिलं आहे. मला त्यात थकवा ऐकू येतो. चोवीस वर्षांच्या मुलाला शर्टाची बटणं दुसऱ्याकडून लावून घ्यावी लागतात, आणि मोटरसायकल तोच चालवत होता हे तो एक दिवसही विसरलेला नसेल. आपल्यामुळे घरात हे सगळं झालं, आता आपण तोंड उघडायचं कशाला, असं पुष्कळांना वाटतं. त्याला झोप येते का, मित्रांना भेटतो का, हे बघा. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला संकोच करू नका. आणि एरवी आई, तुम्ही, मी कितीही जीव तोडून बोललो तरी हात त्याचा आहे. सराव त्याला करायचा आहे. संमतीपत्रावर सही त्याची लागणार आहे, कदाचित डाव्या हाताने.

तेव्हा सर्जनकडे जाताना आईला जरूर न्या, तिच्या भीतीचं उत्तर तिला त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. एमआरआयची सीडी आणि ईएमजीचे सगळे जुने-नवे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून घ्या. दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, फक्त ते दोन आठवड्यांत उरका आणि ब्रेकियल प्लेक्ससची, म्हणजे मानेतून हाताकडे येणाऱ्या या नसांच्या जाळ्याची, ऑपरेशनं नेहमी करणारेच गाठा. भावाला टेबलाजवळची खुर्ची द्या, तुम्ही मागे बसा. मूळ उपटलंय की मध्ये तुटलंय, कुठली जुडी घेणार, पहिली हालचाल केव्हा अपेक्षित धरायची, नाहीच आली तर पुढे काय, हे चारही प्रश्न त्याला लिहून द्या आणि त्यालाच विचारू द्या.